जांभळी क्रँक का मोडायची?

1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत रिपॅकच्या उतारावर सायकल शर्यती सुरू झाल्या, तेव्हा डोंगरी सायकलींसाठी वेगळे सुटे भाग मिळतच नव्हते. जुन्या जाडजूड सायकलींचे ब्रेक उतारावर एवढे तापत, की चाकाच्या हबमधलं (मधल्या भागातलं) ग्रीस जळून जाई. मग ज्याच्या हाताशी लेथ होता तो स्वतःच भाग बनवू लागला. त्याच वर्षी सांता बार्बरात ख्रिस किंगने वैद्यकीय उपकरणांच्या टाकाऊ बेअरिंगांपासून हेडसेट, म्हणजे हँडल वळवणारे बेअरिंगचे जोड, बनवले. 1989मध्ये चिको गावात सुटे भाग बनवणारी पॉल कंपोनंट्स ही कंपनी सुरू झाली. नव्वदच्या दशकात तर संगणकाने चालणाऱ्या सीएनसी मशीनवर कापलेल्या, जांभळ्या-निळ्या अ‍ॅल्युमिनियम भागांची लाटच आली.

मोठे कारखाने क्रँक, म्हणजे पेडल जिला जोडतात ती दांडी, फोर्जिंगने बनवत, म्हणजे धातू डायमध्ये (साच्यात) दाबून. त्यात धातूचे कण भागाच्या आकाराबरोबर वळतात, म्हणून भाग मजबूत होतो. पण डायचा खर्च छोट्या वर्कशॉपला झेपणारा नव्हता. मग 6061-टी6 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचा ठोकळा आणायचा, मशीनला लावायचा आणि नको तेवढं कापून काढायचं. पन्नास नग हवेत तर पन्नासच करा. बराचसा माल चिप्स होऊन भंगारात जाई, तो भाग निराळा.

खरी मेख होती धातूच्या थकव्यात, म्हणजे पुन्हापुन्हा भार येऊन तडा जाण्यात. मिनिटाला 90 फेरे धरले, तर तासाभरात क्रँकवर 5,400 वेळा भार येतो आणि उतरतो. पोलादाला एक मर्यादा असते. ताण तिच्या आत राहिला तर ते जवळजवळ कितीही फेरे सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. ताण कमी असला तर तडा उशिरा जाईल, इतकंच.

तडा सुरू कुठे होतो? कोपऱ्यात. रुंद पट्टीला साधं गोल भोक पाडलं, तरी भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. टोकदार खाचेत त्याहूनही जास्त. वजन घटवायला क्रँकच्या पाठीत खोबणी कोरली जाई. सपाट तोंडाच्या एंडमिलने (फिरत्या कापणाऱ्या टूलने) ती कोरली, तर खोबणीचा तळ आणि भिंत काटकोनात भेटतात. गोल कडांचं टूल वापरलं तर तिथे रेडियस, म्हणजे गोलाई, राहतो, पण मग चार ग्रॅम धातू जास्त उरतो, मशीनवरचा वेळ वाढतो. जाहिरातीत मात्र ग्रॅमच छापले जात! कारागिराची पारख माझ्या मते या रेडियसवर व्हायला हवी, रंगावर नाही.

रंगाचाही यात थोडा हात होताच. अ‍ॅनोडायझिंगमध्ये पृष्ठभागावर सच्छिद्र ऑक्साइडचा थर वाढवतात, छिद्रांत रंग भरतात आणि थर बंद करतात. थर कडक खरा, पण ठिसूळ. त्यात पडलेली बारीक चीर पुढे धातूत उतरू शकते.

तुमच्याकडे त्या काळातली क्रँक असेल, तर पेडलच्या आट्यांभोवती आणि खोबणीच्या कोपऱ्यांत चिकटलेला मळ पुसून भिंगाने पाहा. केसाएवढी रेघ नखाला अडकली, तर क्रँक भिंतीवर टांगा.