टर्मिनल थिजलं म्हणून कीबोर्ड बदलू नका
जळगाव-धुळ्याच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ऐकू येणारा समज: लिनक्सचं टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) थिजलं, म्हणजे कीबोर्ड गेला. बहुतेकदा काहीच गेलेलं नसतं. ‘सेव्ह’च्या सवयीने बोटं कंट्रोल-एसवर पडतात आणि टर्मिनल त्याचा अर्थ ‘थांब’ असा घेतं. टेलिप्रिंटरच्या जमान्यातला हा संकेत, आस्की (अक्षरं-संकेतांना क्रमांक देणारी पद्धत) क्रमांक 19. कंट्रोल-क्यू (क्रमांक 17) दाबा, पडदा हलू लागेल. मात्र मधल्या वेळात चिडून बडवलेल्या कळाही कंट्रोल-क्यू दाबल्यावर लागू होतात, एंटरसकट! कंट्रोल-सीनेही सुटतं, पण चालू प्रोग्राम मरतो.

कायमचा उपाय: होम फोल्डरमधल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या ‘बॅशआरसी’ फाइलच्या (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल) शेवटी ही ओळ लिहा: एसटीटीवाय, एक स्पेस, वजाचिन्ह आणि त्याला चिकटून आयएक्सओएन, सगळी अक्षरं स्मॉल. मग नवं टर्मिनल उघडा.