फासा बाजूला ठेवल्यानंतर: बुद्धिबळ हा खेळ, नाद की जीवनदृष्टी, या प्रश्नाची पार्श्वभूमी

बुद्धिबळ हा निव्वळ खेळ आहे, माणसाला झपाटून टाकणारा नाद आहे, की जगण्याकडे पाहण्याची एक दृष्टी आहे, हा प्रश्न आज विचारला जातो तेव्हा तीन मतांपैकी एक निवडायचे असल्यासारखी चर्चा होते. या तिन्ही मतांना जवळजवळ खेळाइतकाच जुना इतिहास आहे आणि तिन्ही एकाच मुळातून निघालेली आहेत, असे मला वाटते. ते मूळ म्हणजे या खेळात फासा नाही. दान कसे पडले यावर येथे काहीच अवलंबून नसते. दोन्ही बाजूंची सोंगटी न् सोंगटी दोघांनाही दिसत असते. त्यामुळे हरणाऱ्याला स्वतःच्या निर्णयांखेरीज दोष द्यायला काहीही उरत नाही. हे एवढे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवले, तर तत्त्वज्ञांना या पटाचे आकर्षण का वाटले आणि काही असामान्य माणसे त्याच्यापासून सुटू का शकली नाहीत, हे दोन्ही समजू लागते.

भारतात पटावरच्या खेळाचा विचार बुद्धिबळाच्या आधी शेकडो वर्षे फाशांच्या संदर्भातच होत होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे आणि ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’, म्हणजे फासे खेळू नकोस, शेतीच कर, असा उपदेश आहे. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांपैकी अतिशय घातक अशा चारांत अक्षक्रीडा धरली आहे. आठ बाय आठ घरांचा ‘अष्टापद’ हा पटसुद्धा बुद्धिबळापेक्षा जुना असून त्यावर फाशांचे खेळ खेळले जात. सहाव्या शतकाच्या सुमारास उत्तर भारतात याच पटावर हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चतुरंग सेना उभी राहिली. सातव्या शतकातील बाणभट्टाने हर्षचरितात हर्षाच्या राज्याची स्तुती करताना ‘अष्टापदानां चतुरङ्गकल्पना’ असा श्लेष साधला आहे: या राज्यात चतुरंगाची कल्पना होते ती फक्त पटावर, गुन्हेगारांचे हातपाय तोडण्यासाठी नव्हे. इतक्या ओझरत्या उल्लेखात श्लेष साधता येतो याचा अर्थ वाचकांना हा खेळ तोवर परिचित झाला होता. फासा मात्र एका दिवसात हद्दपार झाला नाही. अल्-बीरूनी या मुस्लिम विद्वानाने १०३० च्या सुमारास भारताविषयी लिहिताना चौघांनी फासे टाकून खेळायच्या प्रकाराचेच वर्णन केले आहे. फासेविरहित आणि फाशांचा, असे दोन्ही प्रकार दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले.

चतुरंग इराणात ‘चतरंग’ झाले आणि अरबांकडे ‘शतरंज’. तत्त्वज्ञानाची बाजू पहिल्यांदा ठळक झाली ती येथे. नर्द हा फाशांचा खेळ आणि शतरंज यांची तुलना हा त्या संस्कृतीतील आवडता विषय होता, आणि दहाव्या शतकातील इतिहासकार मसूदीने ती नोंदवून ठेवली आहे: नर्द म्हणजे दैवाधीन माणूस, शतरंज म्हणजे इच्छास्वातंत्र्य असलेला माणूस. माणूस आपल्या कृतीला खरोखर जबाबदार आहे की सारे आधीच ठरलेले आहे, यावर धर्मशास्त्री हिरिरीने वाद घालत होते त्या काळात दोन पट या वादातल्या दोन बाजूंची प्रतीके झाले. पुढे बुद्धिबळावर जे असंख्य नीतिपाठ लिहिले गेले, त्यांतील फार थोडे या मूळ निरीक्षणाच्या खोलीला पोहोचतात.

त्याच काळात नादाचीही चिंता सुरू झाली. इस्लामी धर्मशास्त्री इमाम शाफिईच्या परंपरेत खेळाला मुभा मिळाली, पण अटींसह: पैज लावू नये, नमाजाची वेळ चुकवू नये, तोंडी अपशब्द येऊ नयेत. या अटी वाचताना जाणवते की आक्षेप खेळाच्या स्वरूपाला कमी आणि खेळणाऱ्याच्या हरवून जाण्याला अधिक होता. खलीफा अल्-अमीन याच्याविषयी अशी कथा सांगतात की ८१३ मध्ये बगदादला वेढा पडलेला असताना निरोप्याने शत्रू आत शिरल्याचे सांगितले, तेव्हा त्याने थांबायला सांगितले, कारण त्याला पटावर मात दिसत होती. कथा खरी असो वा रचलेली, बुद्धिबळाच्या नादाचे चित्र लोकांच्या मनात केव्हाच पक्के झाले होते, हे तिच्यावरून दिसते. हा वाद आजही मिटलेला नाही. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर घातलेली बंदी १९८८ मध्ये उठली, तर अफगाणिस्तानात तालिबानने मे २०२५ मध्ये जुगाराच्या शंकेवरून बुद्धिबळ स्थगित केले.

युरोपात खेळ पोहोचला तेव्हा पहिला मोठा वाद पुन्हा फाशावरूनच झाला. १०६१ च्या सुमारास कार्डिनल पीटर डेमियनने पोपला लिहिलेल्या पत्रात फ्लोरेन्सच्या बिशपची तक्रार केली. हे बिशप प्रवासातल्या मुक्कामी बुद्धिबळ खेळत बसले होते. त्यांचा बचाव असा की धर्मनियम फाशांना मनाई करतात आणि बुद्धिबळ ही वेगळी गोष्ट आहे. डेमियनने तो मानला नाही. फाशांच्या नावाखाली दोन्ही आलेच, असे ठरवून त्याने प्रायश्चित्त दिले: बायबलमधील स्तोत्रसंहितेचे तीन वेळा पठण करायचे आणि बारा गरिबांचे पाय धुवायचे. मध्ययुगीन युरोपात डाव लवकर संपावा म्हणून फासे टाकूनही बुद्धिबळ खेळत असत, त्यामुळे डेमियनचा संशय अगदीच निराधार नव्हता. तरीही त्या वादात मला बिशपचीच बाजू बरोबर वाटते. दोन शतकांनंतर, १२८३ मध्ये, कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने सिद्ध करवून घेतलेल्या खेळांवरील ग्रंथात हा प्रश्न फार सुंदर रीतीने मांडला आहे. एका राजाने तीन ज्ञान्यांना विचारले, बुद्धी श्रेष्ठ की दैव? बुद्धीचा कैवारी बुद्धिबळ घेऊन आला, दैवाचा कैवारी फासे घेऊन आला, आणि दोन्ही लागतात म्हणणाऱ्याने फासे व सोंगट्या मिळून खेळायचा पट आणला. जगण्याचे सर्वांत खरे चित्र कोणत्या खेळात आहे, याचे उत्तर त्या कथेत बुद्धिबळाच्या बाजूने लागत नाही, हे बुद्धिबळाला जीवनाची प्रतिकृती म्हणणाऱ्यांनी विसरू नये.

तेराव्या शतकाच्या अखेरीस डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या याकोबस दे सेसोलिसने पटावर सबंध समाजच उभा केला. त्याच्या प्रवचनग्रंथात आठ प्यादी म्हणजे आठ पेशे होते: शेतकरी, लोहार, विणकर, व्यापारी, वैद्य, खाणावळवाला, नगररक्षक आणि शेवटी उधळ्या, जुगारी निरोप्या. हा ग्रंथ अनेक भाषांत गेला आणि इंग्रजीत अगदी सुरुवातीला छापल्या गेलेल्या पुस्तकांत त्याचा समावेश होतो. डाव संपल्यावर राजा आणि प्यादे एकाच पिशवीत जातात, ही उपमाही त्याच शतकातील. ती इतकी वापरली गेली की १६१५ मध्ये सर्व्हान्तिसच्या कादंबरीत डॉन किहोतेने जीवनाला नाटकाची उपमा दिली तेव्हा त्याचा सेवक सांचो पांझा म्हणतो की उपमा छान आहे, पण बुद्धिबळाच्या या उपमेसारखीच आपण ती पुष्कळदा ऐकली आहे.

पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नियमच बदलले, आणि नादाच्या इतिहासात हा बदल निर्णायक ठरला असे मी मानतो. तोवर वजीर तिरका एकच घर चालत असे आणि उंटाची उडी दोन घरांची होती. स्पेनच्या परिसरात वजिराला आणि उंटाला आजची लांब पल्ल्याची चाल मिळाली. मराठीत आपण त्या सोंगटीला अजून इराणी परंपरेप्रमाणे वजीर म्हणतो, तर युरोपात ती तोपर्यंत राणी झालेली होती. जुन्या खेळात सैन्ये सावकाश एकमेकांकडे सरकत. नव्या खेळात पहिल्या दहा खेळ्यांत डाव उद्ध्वस्त होऊ शकत होता. चूक महाग झाली, म्हणून अभ्यास अपरिहार्य झाला. १४९७ मध्ये सालामांका येथे लुसेना या स्पॅनिश लेखकाचे बुद्धिबळावरचे पुस्तक छापले गेले आणि १५६१ मध्ये रुय लोपेसचे. ज्या खेळात घरी बसून तयारी केल्याचे फळ मिळते, तो खेळ पटावरून उठल्यावरही डोक्यात चालू राहतो.

बेंजामिन फ्रँकलिनच्या आयुष्यात या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. १७८६ च्या त्याच्या निबंधात बुद्धिबळातून दूरदृष्टी, सर्वांगाने विचार, सावधपणा आणि प्रतिकूल स्थितीतही धीर न सोडण्याची सवय लागते, असे प्रतिपादन आहे. त्याच्याच आत्मचरित्रात मात्र अशी नोंद आहे की इटालियन शिकत असताना एका मित्राबरोबर खेळण्यात अभ्यासाचा फार वेळ जाऊ लागला, तेव्हा जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला अभ्यासाचे काम नेमून द्यावे, या अटीवरच त्याने पुढे खेळणे मान्य केले.

एकोणिसाव्या शतकात हा ताण पॉल मॉर्फी या अमेरिकन बुद्धिबळपटूच्या आयुष्यात उघडा पडला. १८३७ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेला मॉर्फी विसाव्या वर्षी कायद्याचा पदवीधर झाला, पण वकिली करण्याचे वय अजून झाले नव्हते. १८५८ मध्ये त्याने पॅरिसच्या कॅफे द ला रेजांसमध्ये पटाकडे न पाहता एकाच वेळी आठ जणांशी डाव मांडले. सहा जिंकले, दोन बरोबरीत सुटले. त्याच वर्षी त्याने आघाडीचा जर्मन खेळाडू अँडरसन यालाही हरवले. १८५९ मध्ये न्यूयॉर्कमधील सत्कारात हाच माणूस म्हणाला की बुद्धिबळ हे करमणुकीपलीकडे काही नव्हते आणि होऊ शकणार नाही, त्यासाठी गंभीर कामे बाजूला सारू नयेत. त्याने स्पर्धात्मक खेळ खरोखर सोडला. वकिली मात्र जमली नाही, मन हळूहळू संशयाने पोखरले गेले आणि १८८४ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला. १९३१ मध्ये मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्सने त्याच्या जीवनावरून राजाला मात देणे म्हणजे पित्यावर मात करणे, असा सिद्धान्त मांडला. तो मला ओढूनताणून आणलेला वाटतो. बुद्धिबळाने मॉर्फीला वेड लावले, असेही म्हणता येत नाही, कारण आजार वाढला तो त्याने खेळ सोडल्यानंतरच्या वर्षांत. ज्या एका गोष्टीत आपण निर्विवाद श्रेष्ठ आहोत ती गोष्ट प्रतिष्ठित माणसाने आयुष्याचे काम म्हणून करावी अशी नाही, हे त्याला त्याच्या समाजाने शिकवले होते आणि त्याने ते मनापासून मानले होते. ही कोंडी मला कोणत्याही मानसशास्त्रीय रूपकापेक्षा अधिक करुण वाटते.

विल्हेल्म स्टाइनिट्झने उलट वाट धरली. त्याने खेळालाच व्यवसाय आणि शास्त्र मानले. त्याच्या मते हल्ला हा प्रतिभेचा झटका नव्हे. छोटे छोटे फायदे साठल्यावरच त्याचा हक्क मिळतो, आणि मग तो करावाच लागतो. १८८६ मध्ये तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला, १८९४ मध्ये त्याने ते पद गमावले, आणि १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये दारिद्र्यात, मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. त्याला हरवणारा इमान्युएल लास्कर गणिती आणि तत्त्वचिंतकही होता. १९०७ च्या ‘काम्फ’ या छोट्या पुस्तकात त्याने पटावरून संघर्षाचे सर्वसाधारण शास्त्र काढण्याचा प्रयत्न केला, आणि स्टाइनिट्झचा विचार हा पटाच्या बाहेरही लागू पडणारा विचार आहे, असे तो आग्रहाने सांगत राहिला. जीवनदृष्टी म्हणून बुद्धिबळाची याहून गंभीर मांडणी मला ठाऊक नाही. अल्बर्ट आइन्स्टाइन लास्करचा स्नेही होता. लास्करच्या चरित्राला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने मात्र हळहळ व्यक्त केली की तात्त्विक प्रश्नांत बुडालेला असतानाही या माणसाला खेळाच्या वृत्तीतून पूर्णपणे मोकळे होता आले नाही.

चित्रकार मार्सेल द्युशाँला असे मोकळे व्हायचेच नव्हते. १९२३ च्या सुमारास कलानिर्मिती जवळजवळ थांबवून तो बुद्धिबळाकडे वळला, बुद्धिबळ ऑलिम्पियाड या सांघिक स्पर्धेत फ्रान्सकडून खेळला, आणि १९३२ मध्ये त्याने एका सहलेखकाबरोबर राजा व प्याद्यांच्या अशा अंतिम स्थितींवर पुस्तक लिहिले, ज्या प्रत्यक्ष डावात क्वचितच उद्भवतात.

विसाव्या शतकात मानसशास्त्राने जीवनदृष्टीच्या दाव्याला मोठा धक्का दिला. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ग्रोटच्या १९४६ च्या अभ्यासात असे दिसले की श्रेष्ठ खेळाडू इतरांहून फार खोलवर गणना करतात असे नाही. योग्य खेळी त्यांना आधी दिसते. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी दाखवले की खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद पाहून तज्ज्ञ ती पुष्कळशी पुन्हा मांडू शकतो, पण सोंगट्या कशाही विखुरल्या तर त्याची स्मृती नवशिक्याइतकीच होते. म्हणजे हे कौशल्य पटाच्या ओळखीचे आहे, आणि ते आपोआप शहाणपणात उतरते या फ्रँकलिनच्या विश्वासाला येथे आधार मिळत नाही. जबाबदारीचा जुना मुद्दा मात्र या प्रयोगांनी खोडला जात नाही, कारण तो स्मृतीविषयी नव्हताच.

त्या मुद्द्याची खरी कसोटी यंत्राने घेतली. गणिती क्लॉड शॅननने १९५० च्या निबंधात संभाव्य डावांची संख्या १ वर १२० शून्ये इतकी मोठी असल्याचा अंदाज मांडला होता. तरीही मे १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने जगज्जेता गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असे हरवले, आणि २०१७ मध्ये अल्फाझीरो ही संगणकप्रणाली केवळ नियम जाणून, स्वतःशी खेळत काही तासांत सर्व मानवी ज्ञानाच्या पुढे गेली. दोन्ही राजे धरून सात किंवा कमी सोंगट्या उरलेल्या स्थितींची संपूर्ण कोष्टके आता तयार आहेत, आणि त्यांत ५०० हून अधिक खेळ्यांनी होणाऱ्या माता आहेत, ज्यांचे कारण कोणत्याही ग्रँडमास्टरला सांगता येत नाही. अशा स्थितीत विजय, पराभव की बरोबरी, हे सारे आधीच ठरलेले असते. मसूदीने नोंदवलेला इच्छास्वातंत्र्याचा खेळ या कोष्टकांपुढे नर्दच्या बाजूला सरकल्यासारखा दिसतो. स्पर्धेच्या सभागृहात मात्र ते कोष्टक खेळाडूजवळ नसते, जवळ ठेवले तर तो बाद होतो. त्याच सात सोंगट्या समोर असतात, घड्याळ चालू असते आणि पुढची खेळी त्यालाच ठरवावी लागते.