दुसरा कुत्रा आणला की पहिल्याचे रडणे थांबते का?

‘एकटा राहिलेला कुत्रा रडत असेल, चपला कुरतडत असेल, तर त्याला जोडीदार आणा, म्हणजे तो आपोआप शांत होईल,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरत आहे. कुत्रा हा सोबतीने राहणारा प्राणी असल्यामुळे हा सल्ला पटण्यासारखाही वाटतो.

मात्र रडणाऱ्या कुत्र्याला नेमकी कोणाची सोबत हवी आहे, हा प्रश्न त्यात विचारायचाच राहून जातो. एकटे राहण्याला घाबरणारा कुत्रा बहुधा आपल्या माणसाच्या जाण्याने कासावीस होतो. किल्ल्यांचा आवाज आला की तो धापा टाकू लागतो आणि शेजारी दुसरा कुत्रा निवांत झोपलेला असला तरी बंद दारावर नखे मारत राहतो. निव्वळ कंटाळ्याने नासधूस करणाऱ्या कुत्र्याला सोबतीचा उपयोग होऊ शकतो, अर्थात अनेकदा सकाळचा लांब फेरफटकाही पुरतो.

हे घरीच तपासता येते. बाहेर पडताना जुना मोबाईल चित्रीकरणासाठी लावून ठेवावा. पहिल्या अर्ध्या तासातच लाळ गळणे, येरझाऱ्या, दाराशी धडपड असे दिसले, तर ती भीती असण्याची शक्यता धरून पशुवैद्यकांशी बोलावे. आधी छान झोप काढून मग उशी फाडली असेल, तर तो बहुधा कंटाळा. त्यानंतर ओळखीतला, लसीकरण झालेला कुत्रा, दोघांची आधी बाहेर मोकळ्या जागी भेट घडवून, काही दिवस घरी ठेवावा आणि तेच चित्रीकरण पुन्हा करावे. जेवणाची भांडी मात्र वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावीत, कारण भांडणाची ठिणगी अनेकदा तिथेच पडते.