भाचीचा वाढदिवस आणि १९ वर्षांचा हिशोब

फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी दिनविशेष टाकायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे कोणी दिलेलं नाही, मीच घेतलंय. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, एखादा विसरलेला शब्द, असं. २७ ऑगस्ट २०२५ ला टाकलं की आज गणेश चतुर्थी आणि आपल्या भाचीबाईंना १९ पूर्ण. त्यावर मावशीचा मेसेज, अरे ती झाली त्या दिवशीही गणपतीच बसले होते! खरंच होतं. २७ ऑगस्ट २००६, ताई हॉस्पिटलमध्ये आणि इकडे इंदूरच्या घरी आई एका हाताने उकड मळतेय, दुसऱ्या हातात फोन.

झालं, दुपारपर्यंत 'दुर्मिळ योग', 'बाप्पाचा संकेत' सगळं येऊन गेलं आणि संध्याकाळी कोणीतरी ठोकून दिलं की असा योग ८२३ वर्षांनी येतो. हा ८२३ चा आकडा माझ्या ओळखीचा आहे हो, पूर्वी तो 'या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार' वाल्या मेसेजमध्ये फिरायचा. तेही खोटंच, ३१ दिवसांचा महिना शुक्रवारी सुरू झाला की ते होणारच, आणि असा एखादा महिना बहुतेक वर्षी असतो.

आता खरी गंमत. अमावास्या ते अमावास्या सरासरी २९.५३ दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४.३७ दिवस, आणि सूर्याचं वर्ष ३६५.२४ चं. म्हणजे चांद्र वर्ष दर साल जवळपास ११ दिवसांनी कमी पडतं, म्हणून सण इंग्रजी तारखेच्या मागे मागे सरकतात. ईद अशीच सरकत सरकत साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. आपल्याकडे मात्र चैत्र पावसाळ्यात जाऊन चालत नाही, म्हणून मधेच एक महिना जादा घालतात, तोच अधिक मास, धोंड्याचा महिना, जावयाला अनारसे मिळतात तो. भाचीच्या पहिल्या चार वाढदिवसांना गणपती कधी आले बघा: २००७ ला १५ सप्टेंबर, २००८ ला ३ सप्टेंबर, २००९ ला २३ ऑगस्ट, २०१० ला ११ सप्टेंबर. दोनदा मागे आणि मग एकदम १९ दिवस पुढे उडी, कारण २०१० ला अधिक वैशाख होता.

पण हा महिना घालायचा कुठे, हे कोण ठरवतं? कोणीच नाही, आणि मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत, आणि दोन संक्रांतींमध्ये सरासरी ३०.४४ दिवस असतात. चांद्र महिना त्याहून छोटा, त्यामुळे कधीतरी एक अख्खा महिना दोन संक्रांतींच्या मधे बसून जातो, त्याच्या वाट्याला संक्रांतच येत नाही. तो अधिक. त्यातही पृथ्वी जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सगळ्यात लांब असते, म्हणून हळू चालते, म्हणून त्या काळात दोन संक्रांतींमधलं अंतर साडेएकतीस दिवसांच्या आसपास जातं आणि महिना बसायला जागा मोठी मिळते. जानेवारीत उलट, जवळ असते, वेगात असते, अंतर साडेएकोणतीसपर्यंत येतं, जागाच नाही. म्हणून धोंडा बहुतेक चैत्र ते आश्विन यातच येतो. केप्लरचा नियम आपल्या जावयाच्या ताटापर्यंत पोचलाय तो असा!

आता १९. दर वर्षाची तूट १०.८८ दिवस, गुणिले १९ म्हणजे सुमारे २०६.७ दिवस. आणि सात चांद्र महिने? तेही २०६.७ च. म्हणजे १९ वर्षांत सात अधिक महिने घातले की खातं जवळजवळ शून्यावर येतं. भाचीच्या आयुष्यातले मोजा: २००७ ज्येष्ठ, २०१० वैशाख, २०१२ भाद्रपद, २०१५ आषाढ, २०१८ ज्येष्ठ, २०२० आश्विन, २०२३ श्रावण. सात. १९ गुणिले १२ आणि वर हे सात, असे २३५ चांद्र महिने आणि १९ वर्षं यात फरक उरतो जेमतेम दोन तासांचा. बॅबिलोनच्या लोकांना हे कळलं होतं, अथेन्सचा खगोलज्ञ मेटन याने इसवी सनापूर्वी ४३२ मध्ये मांडलं, म्हणून या १९ वर्षांच्या चक्राला नाव त्याचं लागलं.

तरी दर वेळी तारीख जुळेलच असं नाही. चंद्राचा वेग बदलता, त्यामुळे तिथी कधी २० तासांची तर कधी २६ ची, आणि लीप वर्षाचा धक्का वेगळाच. २००४ ला गणपती १८ सप्टेंबरला होते, २०२३ ला १९ ला. एखाद दिवस इकडेतिकडे चालायचंच.

आमच्याकडे अजून एक घोळ. आमच्या भिंतीवर कालनिर्णय, शेजारच्यांकडे लाला रामस्वरूपचं हिंदी पंचांग. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, कृष्ण दोन्हीकडे त्याच रात्री जन्मतो. तिथीने वाढदिवस विचारताना कोणाच्या पंचांगाने, हे आधी विचारा.

हे सगळं ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे आले आणि एक 'खूप लांब आहे रे'. रात्री मावशीचा मात्र वेगळा मेसेज, ग्रुपवर नाही, मला एकट्याला: "माझा जन्म त्रिपुरी पौर्णिमेचा आहे आणि मला ५७ पूर्ण होतायत, बघ ना जुळतं का, पण ताईला सांगू नकोस."