अर्थशास्त्र मंडळाच्या पाटीमागचे नागपूर

ऑगस्टमध्ये उद्घाटन, पाहुण्यांचे एक व्याख्यान, मध्ये कधीतरी अभ्याससहल, फेब्रुवारीत अंदाजपत्रकावर चर्चा आणि शेवटी निरोप समारंभ. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या मंडळाचे वर्ष साधारण असे जाते. कुठे पाटीवर ‘अर्थशास्त्र मंडळ’ असते, कुठे ‘इकॉनॉमिक्स असोसिएशन’, कुठे ‘इकॉनॉमिक्स फोरम’. नागपुरात मी या मंडळांबरोबर बरीच वर्षे काढली, आधी विद्यार्थी म्हणून आणि नंतर शिक्षक म्हणून. वरवर साचेबंद दिसणाऱ्या या उपक्रमांच्या मागे मोठा इतिहास आहे, आणि आपल्याकडे तो बराचसा या शहराचाच आहे.

व्याख्यानाची परंपरा आपल्याला पुण्याकडून आली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावरचे आपले प्रसिद्ध भाषण दिले. इंग्लंडच्या पुस्तकातले नियम सगळ्या देशांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आधी आपल्या देशाची परिस्थिती बघा, हे त्यांचे म्हणणे होते. निबंधवाचनाची रीत मात्र दुसरीकडची आहे. केंब्रिजमध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्सने १९०९ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक क्लब काढला. सोमवारी संध्याकाळी त्याच्या खोलीवर मुले जमत आणि एकजण निबंध वाचे. बाकीच्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या, आणि ज्याच्या चिठ्ठीवर आकडा निघेल त्याने उठून निबंधावर बोलायचे. तयारी असो वा नसो, सुटका नाही. ही चिठ्ठ्यांची पद्धत आम्ही वर्गात वापरून पाहिली आहे. एरवी मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारी मुले तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून पेन्सिलीने मुद्दे टिपून आणू लागतात.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झाले. हिस्लॉप आणि मॉरिस ही महाविद्यालये त्याच्या किती तरी आधीची, १८८३ आणि १८८५ ची. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते आणि विद्यापीठाचा पसाराही तेवढाच मोठा होता. पुढे १९४६ मध्ये सागर, १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गोंडवाना ही विद्यापीठे झाली, आणि आज नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे उरले. अर्थशास्त्राच्या मंडळाला हे चार जिल्हे पुरेसे आहेत. भंडारा-गोंदियाचा मुलगा धानाच्या बोनसवर बोलतो, वर्ध्याची मुलगी कापसावर आणि काटोल-नरखेडची मुले संत्र्यावर. मागणी-पुरवठ्याचे उदाहरण शोधायला पुस्तकाचे पान उलटावे लागत नाही.

नागपूर स्वतःही भारताच्या आर्थिक इतिहासात पुन्हा पुन्हा येते. मुंबईहून रेल्वे इथे १८६७ मध्ये आली. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी काढावी म्हणून जमशेदजी टाटांनी हे शहर निवडले आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी १८८६ मध्ये आणि अपघाताची भरपाई १८९५ पासून, म्हणजे कायद्याने सक्ती होण्याच्या फार आधी. तीच गिरणी १९८६ मध्ये सरकारच्या ताब्यात गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. आज तिथे मॉल आहे. उद्योगाच्या जागेच्या निवडीचे सिद्धांत शिकवताना मी मुलांना आधी तिथे नेऊन उभे करतो.

रस्त्यांची ‘नागपूर योजना’ १९४३ ची, देशभरच्या मुख्य अभियंत्यांच्या इथल्या परिषदेत ठरलेली. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी शेतीचा ठराव झाला. चौधरी चरणसिंगांनी त्याला कडाडून विरोध केला, आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘स्वतंत्र’ पक्षामागे या ठरावाविषयीची नाराजी हे एक मोठे कारण होते. वादविवाद स्पर्धेसाठी याहून चांगला विषय मला माहीत नाही. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्याला शेतीच्या तुकड्यांचा हिशेब मांडावा लागतो आणि विरोधकाला शेतकऱ्याच्या मालकीच्या ओढीचा. दोघांच्याही घरी सात-बारा असतो.

पण नागपूरच्या मंडळात सर्वांत जास्त वेळा निघालेला विषय कोणता, तर अनुशेष, म्हणजे एखादा भाग विकासात किती मागे राहिला त्याचा हिशेब. १९५३ च्या २८ सप्टेंबरला विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नेत्यांमध्ये एका मराठी राज्यासाठी नागपूर करार झाला. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यावे ही गोष्ट त्यातलीच. विकासाचा समतोल राखण्याचे वचनही त्यात होते. तो समतोल किती राखला गेला हे मोजायला राज्य सरकारने १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. राज्याचा एकूण अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये. त्यात विदर्भाचा १,२४६.५५ कोटी, मराठवाड्याचा ७५०.८५ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा १,१८९.३८ कोटी.

हे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि मुलांना टक्केवारी काढायला सांगतो. विदर्भाचे ३९ टक्के निघाल्यावर वर्गात हलकासा गजर होतो, ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ असा. मग उर्वरित महाराष्ट्राचे ३७ टक्के निघतात आणि वर्ग गप्प होतो. ज्यांना आपण पुढारलेले म्हणतो त्यांचाही एवढा अनुशेष कसा? तिथून खरा अभ्यास सुरू होतो. समितीने जिल्हा हा घटक धरला, रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण अशी क्षेत्रे घेतली आणि राज्याच्या सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जिल्हा किती मागे आहे ते मोजले. त्यामुळे कोकणातला मागे असलेला जिल्हाही हिशेबात आला. सरासरी म्हणजे काय, ती कोणाची आणि मोजमापाचा घटक बदलला की उत्तर का बदलते, हे संख्याशास्त्राच्या तासाला महिनाभरात पोहोचत नाही ते या फळ्यासमोर अर्ध्या तासात पोहोचते. पुढचे टप्पे, म्हणजे १९९४ मध्ये आलेले विदर्भ वैधानिक विकास मंडळ, समतोल विकासावरचा विजय केळकर समितीचा २०१३ चा अहवाल, ३० एप्रिल २०२० ला संपलेली त्या विकास मंडळाची मुदत, हे मुले मग आपणहून शोधून आणतात. अनुशेषाचा राग मलाही आहे, मी इथलाच आहे. पण राग मोजता यावा म्हणून तर हा विषय शिकायचा.

हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत, डिसेंबरात, विधान भवनाची प्रेक्षक गॅलरी ही मंडळाची हक्काची सहल असते. छिंदवाडा रोडवरची राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीही मुलांना बाहेरून तरी माहीत असते. देशभरचे आयकर अधिकारी इथे तयार होतात, याचे त्यांना अप्रूप वाटते. तरीही मला विचाराल तर कळमन्याच्या शेतमालाच्या घाऊक बाजाराला तोड नाही.

तिथे पहाटे जावे लागते. थंडीत मफलर गुंडाळलेली मुले पेंगत असतात, आणि आत शिरताच सालीच्या उग्र, आंबटगोड वासाने सगळी जागी होतात. आंबिया बहाराचा हंगाम असला तर जमिनीवर गवताच्या अंथरुणावर संत्र्याचे ढीगच ढीग. आडत्या ढिगाशी उभा राहून हर्रास पुकारतो, व्यापारी एखादे फळ उचलून दाबून बघतात आणि बोली टनावर लागते. एका वर्षी एका मुलीने आडत्याला थेट विचारले, ‘काका, भाव तुम्ही कसा ठरवता?’ तो म्हणाला, ‘पोरी, भाव मी नाई ठरवत. रात्री किती गाड्या आल्या थे ठरवते.’ तिने वहीत तेच वाक्य लिहून घेतले आणि त्याखाली पुरवठा वक्र काढला. वक्र बरोबर होता.

त्या दिवशीचा उरलेला वेळ आम्ही पट्टी वाचण्यात घालवला. पट्टी म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पडणारा हिशेबाचा कागद. हमाली, तोलाई, गाडीभाडे. २०१६ मध्ये राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि आडत, म्हणजे आडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. तो बोजा खरोखर कोणावर पडतो, हा करभाराचा प्रश्न मग मुलांनीच काढला: खरेदीदाराकडून आडत घेतली तर तो बोलीच कमी लावणार नाही का? काटोलच्या एका मुलाने सांगितले की त्यांची बाग बाजारात येतच नाही, झाडावरच्या फळाचाच सौदा होतो, इसार घेतला की जोखीम व्यापाऱ्याची. गारपीट झाली तर? त्यावर तो हसला नाही. ‘मग व्यापारी येत नाही,’ एवढेच म्हणाला.

अंदाजपत्रकावरच्या चर्चेची घडणही वेळापत्रकाने केली आहे. १९९९ पर्यंत केंद्रीय अंदाजपत्रक संध्याकाळी पाचला मांडले जाई, त्या वर्षापासून ते सकाळी अकराला आले आणि २०१७ पासून फेब्रुवारीच्या अखेरीऐवजी १ तारखेला. पूर्वी मुले दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र कापून भित्तिपत्रकावर लावत आणि आठवड्याने एखाद्या सनदी लेखापालांचे भाषण ठेवत. या भाषणांवर मुंबईचे विधिज्ञ नानी पालखीवाला यांच्या अंदाजपत्रकावरच्या व्याख्यानाची छाप होती. १९५८ मध्ये एका हॉटेलातल्या सभागृहात सुरू झालेले ते भाषण पुढे ब्रेबर्न स्टेडियम भरू लागले. आता वर्गातच पडद्यावर भाषण ऐकतात आणि दुपारी वाद घालतात. मला जुन्या पद्धतीतले एक आवडायचे: कात्रण चिकटवायला बातमी पूर्ण वाचावी लागे.

नागपुरात डॉ. आंबेडकरांच्या अर्थशास्त्रावर बोलल्याशिवाय मंडळाचे वर्ष पुरे होत नाही. विद्यापीठ स्थापन झाले त्याच १९२३ सालात त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि त्या आयोगाच्या शिफारशीतून वाट काढत १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक उभी राहिली. संविधान चौकात, ज्याला जुने लोक अजून रिझर्व्ह बँक चौक म्हणतात, बाबासाहेबांचा पुतळा आणि बँकेची इमारत जवळजवळ आहेत. हजारो लोक तिथे रोज हात जोडतात. त्यांच्यातल्या कितीजणांच्या मनात चलनाचा अभ्यासक म्हणून ते येत असतील? ही ओळख घरोघरी नेण्याचे काम आपल्या मंडळांचे आहे असे मला मनापासून वाटते. धनंजयराव गाडगीळांबद्दलही तेच. पूर्वीच्या योजना आयोगाच्या निधीवाटपाच्या सूत्राला ज्यांचे नाव होते त्या गाडगिळांचे लहानपण आणि शाळा नागपुरातली, हे सांगितले की मुले चमकतात.

भाषेचा प्रश्न प्रत्येक बैठकीत असतो. डॉ. रघुवीरांनी मध्य प्रांत सरकारसाठी पारिभाषिक शब्द घडवले ते नागपुरातच बसून, आणि १९६० नंतर राज्याच्या भाषा संचालनालयाने ते काम आपल्या रीतीने पुढे नेले. ‘लवचिकता’ आणि ‘सीमांत’ रुळले. ‘रोखता पसंती’ (लिक्विडिटी प्रेफरन्स, म्हणजे पैसा रोख हाताशी ठेवण्याची ओढ) अजून अडखळते. आमच्याकडे चर्चा मराठीत सुरू होते, हिंदीत रंगते आणि आकडे इंग्रजीत येतात. त्याला माझी हरकत नाही, मात्र निबंध मराठीत लिहायला लावला की ज्याला संकल्पना कळलेली नाही तो लगेच उघडा पडतो.

१९९४ हे वर्ष मंडळांसाठी दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी निवडणुका थांबल्या आणि प्रतिनिधी गुणांवर नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली. आणि १९९४ मध्येच महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेची स्थापना झाली. त्यानंतर हळूहळू प्रत्येक उपक्रमाचा अहवाल, फोटो, उपस्थितीच्या सह्या लागू लागल्या. याचा फायदाही झाला, कारण मंडळ कागदावर का होईना दरवर्षी जिवंत राहिले. तोटा असा की बॅनरसह फोटो निघाला की कार्यक्रम झाला असे मानायची सवय लागली. नवीन शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. कळमन्याची पट्टी आता गुणपत्रिकेत मोजली जाऊ शकते, ही मला मोठी संधी वाटते.

गेल्या वर्षीची एक बैठक सांगतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० होता. दोन्ही आकडे फळ्यावर लिहून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली हिंगणघाटच्या मुलीची. तिचे वडील सूतगिरणीत कामाला आणि काकांची सात एकर कपाशी. आधी ती गिरणीच्या बाजूने बोलली, स्वस्त रुई आली तर सूत विकले जाईल, वडिलांची पाळी टिकेल. मग थांबली, आणि काकांच्या बाजूने त्याहून जास्त वेळ बोलली. घरी जेवताना हेच चालते म्हणाली. मुलांनी तिला पाऊण तास उलटसुलट प्रश्न विचारले आणि तिने एकही टाळला नाही. शेवटी ठरावावर हात वर करून मत घ्यायचे होते, पण तिची सहाची गाडी होती आणि ती गेल्यावर मतदान घ्यायला कोणी तयार होईना. फळ्यावरचे आकडे आम्ही पुढच्या बैठकीसाठी तसेच ठेवले.