एकगठ्ठा नामांतर : स्प्रेडशीटवरून फायलींची नावे बदलणे व त्यातील दोष

स्प्रेडशीटच्या एका कॉलममध्ये फायलींची जुनी नावे व शेजारच्या कॉलममध्ये नवी नावे लिहून, छोट्या स्क्रिप्टकरवी (संगणकाला क्रमाने आज्ञा देणाऱ्या मजकुराकरवी) शेकडो फायलींची नावे एका दमात बदलण्याची पद्धत. कॅमेऱ्याने दिलेली नावे काढून विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांना आसनक्रमांक देणे, स्कॅन केलेल्या कागदपत्रांना दप्तरातले क्रमांक लावणे अशा कामांत ती सर्रास वापरतात. शीट बहुधा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेला साधा मजकूर) स्वरूपात साठवलेली असते आणि पायथन, पॉवरशेल किंवा बॅश या आज्ञाभाषांमधली दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट ती वाचते. इतक्या छोट्या स्क्रिप्टमध्ये चुकायला फारशी जागा नसते. दोष बहुतेक वेळा शीटमध्ये असतो, आणि नेमका तिथेच तो सर्वांत शेवटी शोधला जातो.

याचे पहिले कारण म्हणजे स्प्रेडशीटचा आगाऊपणा. एक्सेलमध्ये ००१२ लिहिले की त्याचे १२ होते. १-२ हा खोका क्रमांक भारतीय मांडणीत १ फेब्रुवारी होतो, अमेरिकी मांडणीत २ जानेवारी. बारा अंकी नोंदणी क्रमांक साध्या सेलमध्ये घातांकी रूपात, म्हणजे १.२३४५७E+११ असा मोजकेच अंक ठेवून, दिसतो आणि सीएसव्हीत जे दिसते तेच उतरते. त्यामुळे एकाच मालिकेतल्या अनेक क्रमांकांचे एकच नाव तयार होते. या सवयीला शास्त्रज्ञही कंटाळले. मार्च१, सेप्ट१ अशी जनुकनामे एक्सेल तारखा समजत असे. शेवटी मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलली. उपाय साधा आहे : माहिती भरण्यापूर्वी कॉलमचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करावे. नंतर केल्यास गेलेली शून्ये परत येत नाहीत.

‘फाईल सापडली नाही’ ही सर्वाधिक दिसणारी तक्रार. फाईल डोळ्यांसमोर असते, शीटमधले नावही तेच दिसते, पण संगणक नावामागचे बाइट, म्हणजे अक्षरे साठवणारे आकडे, जुळवतो आणि बाइट वेगळे असतात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, वेबपानावरून चिकटवताना आलेली न तुटणारी जागा (साध्या मोकळ्या जागेसारखी दिसणारी, पण वेगळ्या संकेताची), विंडोजमध्ये लपवलेले ‘.जेपीजी’ हे विस्तारनाम ही नेहमीची कारणे. एक्सेलने ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून (यूटीएफ-८ ही अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) साठवलेल्या फाईलच्या आरंभी तीन अदृश्य बाइट असतात. ते पहिल्या कॉलमच्या शीर्षकाला चिकटतात आणि समोर दिसणारे शीर्षक स्क्रिप्टला सापडत नाही. पायथनमध्ये फाईल ‘यूटीएफ-८-सिग’ या संकेतनाने उघडली की हे थांबते. बॅशमध्ये विंडोजची ओळसमाप्ती (ओळ संपल्याची अदृश्य खूण) शेवटच्या कॉलमला लटकते आणि नव्या नावाच्या टोकाला एक अदृश्य अक्षर कायमचे बसते. संशय आला की नाव नुसते न छापता त्यातला प्रत्येक संकेतांक (अक्षरामागचा क्रमांक) छापून पाहावा.

मराठी नावांत ही अडचण आणखी खोल जाते. कुऱ्हाडे, बोऱ्हाडे या आडनावांतला ऱ्ह दोन रीतींनी टंकता येतो : ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात. तसेच ॲ हा एकसंध संकेत आणि अ वर चंद्र देऊन बनवलेला ॲ. युनिकोड या अक्षरसंकेतांच्या जागतिक मानकाचे सामान्यीकरण (समतुल्य रूपांचे एकच रूप करणे) या जोड्या एक करत नाही, कारण त्या तत्त्वतः समतुल्य मानलेल्या नाहीत. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये स्वतःची बदलयादी ठेवावी लागते. मर्यादा लांबीचीही आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ या डिस्कवर फायली ठेवण्याच्या रचनेत फाईलनाव २५५ बाइटांपर्यंतच चालते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. ‘महाराष्ट्र’ या एका शब्दाचे १० संकेत, म्हणजे ३० बाइट. विंडोजच्या एनटीएफएस या तशाच रचनेमध्ये मोजणी वेगळी असल्याने तिथे सुखाने नांदणारे लांब देवनागरी नाव लिनक्सवर नाकारले जाते.

विंडोजवर नावात ? * : " | ही चिन्हे चालत नाहीत. तिरपी रेघ (/) तर लिनक्सवरही चालत नाही. ०१/०२/२०२४ अशी तारीख नावात आली की स्क्रिप्ट तिचे फोल्डर शोधत बसते.

यांतल्या बऱ्याच दोषांत निदान त्रुटीचा संदेश तरी येतो. खरे नुकसान संदेश न देणाऱ्या दोषांनी होते. पायथनची नाव बदलण्याची आज्ञा विंडोजवर त्या नावाची फाईल आधीच असेल तर थांबते. लिनक्स व मॅकवर ती जुनी फाईल गुपचूप पुसून तिची जागा घेते. वर सांगितलेले घातांकी क्रमांक इथे भोवतात : चाळीस ओळींचे एकच नवे नाव असेल तर शेवटी एकच फाईल उरते. दुसरा दोष जोडी लावण्याचा. काही जण जुन्या नावांचा कॉलमच ठेवत नाहीत, फोल्डरमधली पहिली फाईल पहिल्या ओळीची असे धरून चालतात. पण पायथनच्या ‘लिस्टडिर’ या फोल्डरमधली नावे देणाऱ्या आज्ञेने दिलेल्या यादीला ठरावीक क्रम नसतो, आणि वर्णक्रम लावला तरी १ नंतर १० येतो, २ नाही. काम विनातक्रार पूर्ण होते आणि एकाचे छायाचित्र दुसऱ्याच्या नावावर जाते. शीटमधला एकच कॉलम निवडून क्रम लावला तरी हाच घोळ.

दोन फायलींच्या नावांची अदलाबदल करायची असेल तर थेट बदल चालत नाही. आधी सर्वांना तात्पुरती नावे द्यावी लागतात, मग अंतिम.

जाणते लोक आधी कोरडी फेरी घेतात : नावे न बदलता नुसती ‘जुने → नवे’ यादी छापायची आणि नव्या नावांत पुनरावृत्ती नाही हे तपासायचे. पॉवरशेलमध्ये ‘व्हॉटइफ’ हा पर्याय यासाठीच आहे. खऱ्या फेरीत झालेला प्रत्येक बदल नोंदवहीत लिहिला, तर दोन कॉलम उलटून सर्व पूर्ववत करता येते. नोंदवही अर्धवट थांबलेल्या फेरीतही लागते. गूगल ड्राइव्हवरची ॲप्स स्क्रिप्ट (गूगलच्याच सेवेत चालणारी स्क्रिप्ट) सर्वसाधारणपणे ६ मिनिटांनी तोडली जाते, आणि ती पुन्हा चालवली की आधीच बदललेल्या फायलींची जुनी नावे सापडत नाहीत. ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली राहू शकतात. म्हणून तिथे शीटमध्ये नावाऐवजी फाईलचा आयडी (ड्राइव्हने दिलेली एकमेव ओळख) ठेवणे चांगले.