जीआर ३४ की त्रो ब्रेझ? ब्रिटनीला वळसा घालणाऱ्या दोन वाटा

फ्रान्सच्या वायव्य टोकाला समुद्रात घुसलेल्या ब्रिटनीत पायी फिरायचं म्हटलं की दोन नावं हमखास कानावर येतात: जीआर ३४ (जीआर म्हणजे फ्रान्समधली खुणा केलेली लांब पल्ल्याची पायवाट) आणि त्रो ब्रेझ (म्हणजे ब्रिटनीची फेरी). दोन्ही वाटा या द्वीपकल्पाला वळसा घालतात. नकाशावर लांबून पाहिल्या तर सारख्याच दिसतात, आणि सॅं-मालोसारख्या गावात तर एकमेकींत मिसळतात. त्यामुळे एकीची माहिती वाचून दुसरीचं नियोजन करणं सहज घडतं. पण पहिली वाट कस्टमच्या शिपायांच्या पायांनी पडली आहे आणि दुसरी यात्रेकरूंच्या. किती चालायचं, काय दिसेल, रात्री कुठे टेकायचं हे सगळं त्यावरून ठरतं.

आधी जीआर ३४. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये देशाचं कस्टम खातं नव्याने उभं राहिलं आणि किनाऱ्यावर पहारा बसला. समोर इंग्लंड, मध्ये चोरट्या व्यापाराला सरावलेला समुद्र. तंबाखूपासून कापडापर्यंत काहीही रात्रीच्या अंधारात उतरवलं जाई. शिवाय खडकांवर फुटलेल्या जहाजांचा माल गावकऱ्यांच्या हाती लागू नये, हेही शिपायांनीच पाहायचं. त्यासाठी प्रत्येक घळ, प्रत्येक छोटी पुळण नजरेखाली हवी. म्हणून ही वाट पाण्याला चिकटून चालते. टोक आलं की टोकापर्यंत जाते, खाडी आली की खाडीत शिरते. शॉर्टकट तिला ठाऊकच नाही.

हे नीट पाहायचं तर उत्तर किनाऱ्यावरच्या केरलुआं गावाजवळ मेनेहाम नावाची जुनी वस्ती आहे, तिथे जावं. ग्रॅनाइटच्या अवाढव्य धोंड्यांच्या फटीत पहाऱ्याचं एक छोटं घर अक्षरशः पाचर मारल्यासारखं बसवलं आहे. भिंती दगडाच्या, छप्परही दगडाचंच. समुद्राकडून पाहिलं तर तोही एक धोंडाच वाटतो. आत उभं राहणाऱ्याला मात्र समोरचा किनारा दिसतो. ही वाट कशासाठी होती, हे सांगायला मेनेहामला फलकाची गरज नाही.

पुढे पहारे उठले आणि वाट झुडपांत हरवत गेली. १९६८ पासून स्वयंसेवकांनी आणि पदभ्रमण संघटनांनी ती तुकड्यातुकड्याने पुन्हा मोकळी केली. आज ती नॉर्मंडीच्या हद्दीवरच्या माँ-सॅं-मिशेलपासून दक्षिणेला सॅं-नाझेरपर्यंत दोन हजारांहून जास्त किलोमीटर जाते. माँ-सॅं-मिशेलहून निघालात तर समुद्र शेवटपर्यंत उजव्या हाताला राहतो. काप फ्रेएलचे सत्तर मीटर उंचीचे कडे, प्लूमानाकचे गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, प्वांत द्यु राचं वाऱ्याने झोडपलेलं टोक, मोर्बिआंच्या आखातातली बेटं, सगळं याच वाटेवर. २०१८ मध्ये फ्रेंच लोकांनी मतदान करून हिला आपली सर्वात आवडती लांब पल्ल्याची वाट ठरवलं, यात मला काहीच नवल वाटत नाही.

ही वाट पायाखाली आहे ती एका कायद्यामुळेही. ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने समुद्रालगतच्या खाजगी जमिनींवर तीन मीटर रुंदीचा पट्टा पायी चालणाऱ्यांसाठी खुला ठेवणं बंधनकारक केलं. बंगला कितीही मोठा असो, त्याच्या आणि समुद्राच्या मधून सामान्य माणसाला जाता आलं पाहिजे, हे तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. अपवाद आहेत. १९७६ पूर्वी बांधलेल्या घरापासून पंधरा मीटरच्या आत साधारणपणे हा हक्क लागू होत नाही. म्हणून काही ठिकाणी, विशेषतः मोर्बिआंमध्ये, वाट अचानक किनारा सोडून घरांच्या मागच्या गल्लीत शिरते आणि चालणारा बुचकळ्यात पडतो. आणि हा हक्क फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. सायकल घेऊन या वाटेवर जाऊ नये.

आता त्रो ब्रेझ. इथे मुळात वाट ठरलेली नाही, ठिकाणं ठरलेली आहेत. पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास वेल्स आणि कॉर्नवॉलकडून समुद्र ओलांडून लोक इथे आले. त्यांच्याबरोबर आलेल्या धर्मगुरूंपैकी काहींना ब्रिटनीचे संस्थापक संत मानतात. एकूण संत सात, त्यांची कॅथेड्रलंही सात: दोलला सॅमसन, सॅं-मालोला मालो, सॅं-ब्रियला ब्रिय, त्रेगिएला त्युग्दुआल, सॅं-पोल-द-लेऑंला पोल ऑरेलियाँ, केंपेरला कोरांतॅं आणि व्हानला पातेर्न. मध्ययुगात या सातांची यात्रा होत असे. अष्टविनायकासारखंच हे: देवळं ठरलेली, रस्ता ज्याचा त्याने धरावा. जिवंतपणी यात्रा केली नाही तर मेल्यावर करावी लागते आणि तीही दर सात वर्षांनी शवपेटीच्या लांबीइतकं सरकत, असं इथे परंपरेने सांगतात. रेन आणि नांत ही मोठी शहरं यात नाहीत, कारण तिथली धर्मपीठं या स्थलांतराच्या आधीची, रोमन काळातली. व्हानचं पीठही जुनंच, पण ते सातांत आहे.

लुप्त झालेली ही यात्रा १९९४ मध्ये फिलिप आब्जाँ यांच्या पुढाकाराने पुन्हा सुरू झाली. दर उन्हाळ्यात एक आठवडा, एका कॅथेड्रलपासून पुढच्यापर्यंत, असं सात वर्षांत वर्तुळ पुरं करायचं. श्रद्धाळू येतात, तसे नुसते चालायला आलेलेही येतात. एरवी एकट्यानेही कधीही चालता येतं. अंतराचे आकडे मात्र वेगवेगळे सापडतील. सरळ रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास, आणि डांबरी रस्ते टाळत गेलात तर त्याच्या दुपटीहून जास्त.

गोंधळ होतो तो का, हे नकाशावर कळतं. संत समुद्रातून आले, म्हणून त्यांची ठाणीही समुद्रापासून किंवा भरतीच्या नदीपासून फार लांब नाहीत. सातही ठिपके किनाऱ्याच्या जवळपास पडतात. पण ठिपक्यांमधून जाताना त्रो ब्रेझ आतून जाते. केंपेरहून सॅं-पोलकडे जाताना ती पश्चिमेचं सगळं टोक सोडून माँ दारेच्या डोंगराळ माळावरून उत्तरेला निघते. व्हानहून दोलकडे तर अख्खं द्वीपकल्प आडवं कापते. म्हणजे त्रो ब्रेझ हे बंद वर्तुळ आहे आणि जीआर ३४ ही दोन टोकं मोकळी असलेली किनार.

माँ दारे हे नाव लक्षात ठेवा. उंची चारशे मीटरसुद्धा नाही, पण दलदल, हेदरची खुरटी झुडपं आणि बोडके खडक यामुळे जागा ओसाड, भव्य वाटते. जुलै २०२२ च्या वणव्यात इथला मोठा भाग जळाला. त्याच्या उत्तरेला गिमिलियोचं चर्च आहे. तिथल्या आवारातल्या दगडी कॅल्व्हरीवर, म्हणजे येशूच्या क्रुसाभोवतीच्या शिल्पसमूहावर, दोनशेच्या वर मूर्ती आहेत, सोळाव्या शतकातल्या. त्यांत कातेल गोलेत ही दंतकथेतली मुलगी शोधा: नाचाच्या नादात वाहवलेली, आणि आता भुतं तिला नरकाच्या जबड्यात ओढताहेत. ब्रिटनीच्या ग्रामीण मनाची ही बाजू किनाऱ्यावर चालून कळत नाही.

आणखी एक घोटाळा टाळा. लान्योंजवळच्या व्ह्यू-मार्शे गावात ‘सात संतां’चं चॅपल आहे, एका प्रागैतिहासिक दगडी कबरीवर बांधलेलं. ते सात वेगळे: एफेससचे सात निद्रिस्त, म्हणजे गुहेत वर्षानुवर्षं झोपून राहिलेले दंतकथेतले सात तरुण, ज्यांची कथा कुराणातही आहे. लुई मासिन्यों या अभ्यासकामुळे १९५४ पासून तिथल्या जत्रेत ख्रिश्चन आणि मुसलमान एकत्र येतात. त्रो ब्रेझशी याचा संबंध नाही, पण जवळपास असाल तर जरूर जा.

खुणांबद्दल थोडक्यात. वर पांढरी, खाली लाल पट्टी म्हणजे जीआर. तेच रंग फुलीत दिसले तर वाट चुकली, मागे फिरा. पिवळी पट्टी स्थानिक छोट्या फेऱ्यांची. लाल-पांढरी पट्टी दिसली म्हणून ती ३४ असेलच असं नाही. आतल्या भागातही जीआर ३७, जीआर ३८ अशा वाटा आहेत आणि त्रो ब्रेझवाले अधूनमधून त्यांच्यावरून चालतात. आकडा पाहूनच पुढे जा.

हाताशी एकच आठवडा असेल आणि ब्रिटनी पहिल्यांदाच पाहत असाल, तर मी पेरोस-गिरेक ते त्रेगिए हा किनारा सुचवेन. जीआर ३४ चे सर्वात देखणे खडक आणि त्रो ब्रेझचं एक कॅथेड्रल, दोन्ही पदरात पडतात. मे-जून किंवा सप्टेंबर निवडा, ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर खोली मिळणं कठीण. दुसऱ्यांदा जाणाऱ्याने मात्र केंपेर ते सॅं-पोल हा आतला टप्पा घ्यावा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना तो सोयीचाही आहे, कारण प्लिमथची फेरी सॅं-पोलशेजारच्या रोस्कोफलाच लागते. पॅरिसहून यायचं तर रेनपर्यंत जलद रेल्वेने दीड तास पुरतो. आतल्या गावांत मुक्कामाच्या जागा मोजक्याच, दुकानंही रविवार-सोमवारी बंद असू शकतात. तेव्हा ‘जीत देताप’ म्हणतात त्या चालणाऱ्यांसाठीच्या घरांत आधीच जागा ठरवा आणि सॅकमध्ये एका दिवसाचं खाणं जास्तीचं ठेवा.